खाडीकाठचा नेचा

१० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एका शेगडीवर दूध, दुसरीवर उलट्या तव्यावर वाळत घातलेले टीपकागद, आणि स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, अशी ती सकाळ होती. केर काढून झाला होता, पाणी भरून झालं होतं, यांचा सदरा खुंटीवर तयार होता आणि हे आंघोळीला गेले होते. टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर जाड पांढरे ताव मांडलेले. प्रत्येक तावावर एक वाळलेलं झाड आणि झाडावर त्याचं लेबल. मी सुईत दोरा ओवत होते, तेवढ्यात खिडकीची खिट्टी निसटली. वारा आत आला आणि दोन लेबलं उडाली. एक शेगडीखाली गेलं, एक ओल्या फडक्याला चिकटलं. त्याच वेळी दूध वर आलं. एका हाताने दूध, दुसऱ्या हाताने लेबलं. हे डोकं पुसत बाहेर आले तोवर दूध पातेल्यात, लेबलं तावांवर, आणि मी अशी बसले होते की जणू सकाळपासून हललेच नाही. यांना काही कळलंसुद्धा नाही.

ही गोष्ट तू लहानपणी माझ्याकडून दहादा ऐकली असशील. दर वेळी दूध वर आलं की तू हसायचीस. आज मुद्दाम पुन्हा लिहिली, कारण परवा फोनवर तुझं हसू काही केल्या सापडलं नाही. तू तिकडे रडत होतीस, मी इकडे रिसीव्हर धरून उभी. पाच मिनिटं आपण दोघींनी नुसता एकमेकींचा श्वास ऐकला. तेव्हा ठरवलं, या मुलीला पत्र लिहायचं. कागदावर रडलं की शाई फुटते, म्हणून माणूस जरा आवरतं.

तुझी आई म्हणते की तुला विभाग सोडून घरी यायचंय आणि मी तुला चार शब्द सांगावेत. माझ्याकडे चार शब्द नाहीत. पण ज्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून तू डबा खातेस म्हणालीस, त्या पायऱ्या मला माहीत आहेत. तिसरी पायरी कोपऱ्यात फुटलेली आहे. तुझे काका तिथे पहिल्यांदा आले ते वनस्पतिशास्त्र शिकायला नव्हे, ड्रायव्हरच्या जागेसाठी. जागा आदल्या दिवशीच भरली होती. कुणीतरी विचारलं, डोंगर चढता येतो का? हे म्हणाले, येतो. मग तीस वर्षं त्यांनी विभागासाठी झाडं गोळा केली आणि गाडी काही शेवटपर्यंत चालवली नाही. तेव्हा पुढे काय करणार हे तुला आज माहीत नसेल तर बिघडत नाही.

माझं ठीक चाललंय. सकाळी फिरायला जाते, वाचनालयातून पुस्तकं आणते. यांचा शेवटचा गठ्ठा अजून कपाटावर तसाच आहे, वर्तमानपत्रांच्या घड्यांत, दोरी बांधलेला. तीन वर्षं झाली. दर रविवारी वरची धूळ पुसते, एवढंच.

पत्र लिही. मोठं लिही. मला पत्रं वाचायला फार आवडतात. त्यालाही एक कारण आहे, ते कधीतरी सांगेन.

माया आहेच, ती टीपकागदासारखी रोज बदलावी लागत नाही.
तुझी,
मावशी

१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तिसरी पायरी जाऊन बघितली. अजून फुटलेलीच आहे. त्या पायरीवर बसून दोनदा वाचलं.

माझ्याबद्दल काय लिहू? काल मी दिवसभरात बोललेले शब्द मोजले. अकरा भरले, त्यातले चार 'सॉरी'. खोलीतली मुलगी चांगली आहे, पण तिच्या मैत्रिणी येतात तेव्हा मी पांघरुणाच्या घड्या घालत बसते. एकच पांघरूण किती वेळा घडी घालणार? वर्गात सगळे एकमेकांना आधीपासून ओळखत असल्यासारखे बसतात. मी दाराजवळच्या बाकावर बसते, म्हणजे सुटल्यावर कुणाला थांबावं लागत नाही.

विभागाने आमच्यासाठी काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. प्रत्येक नव्या मुलाला तिसऱ्या वर्षाचा एक सोबती देतात. माझी सोबतीण पहिल्या दिवशी मला प्रयोगशाळा, पाण्याचा नळ आणि नोटिसबोर्ड दाखवून गेली. सारखी घड्याळ बघत होती. त्यानंतर जिन्यात दिसते, हात करते, आणि तिचा हात खाली यायच्या आत ती वळणावरून गेलेलीही असते.

मागच्या आठवड्यात 'पुढे काय?' म्हणून कार्यक्रम झाला. जुने विद्यार्थी आले होते. एक बियाण्यांच्या प्रयोगशाळेतला, एक जंगलखात्यातली, एक शाळेत शिकवणारी. छान बोलले. पण मावशी, प्रत्येकाने सुरुवात एकाच वाक्याने केली, की मला लहानपणापासून माहीत होतं. नंतर एक फॉर्म भरायचा होता, त्यात आवडीचं क्षेत्र लिहायचं होतं. मी पेन उघडलं, बंद केलं, आणि कोरा फॉर्म पेटीत टाकला.

दुसरा एक फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे. विभाग सोडायचा असेल तर तो तीस सप्टेंबरपर्यंत द्यायचा. तो मात्र भरून ठेवलाय. सही तेवढी राहिली आहे.

तुला एक गंमत सांगते. इथे नव्या मुलांना वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयातला एकेक कप्पा देतात. चाळीस ताव. ते बघायचे, काय दिसलं त्यावर एक पान लिहायचं, आणि त्या पानावरून बाई आपल्याशी बोलतात, की हिला डोंगर मानवेल, टेबल मानवेल की शिकवणं. बाई म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. केस पांढरे, आवाज इतका हळू की आपण आपोआप पुढे झुकतो. त्यांनी सांगितलं की ही पद्धत एका नमुने गोळा करणाऱ्या माणसाने सुरू केली. नवी मुलं दारात घुटमळत, तेव्हा तो म्हणे, ज्याला बोलता येत नाही त्याच्या हातात काहीतरी द्यावं. मी विचारलं नाही, पण ते काकाच ना?

माझ्या वाट्याला नेच्यांचा कप्पा आलाय. सगळी लेबलं काकांच्या अक्षरात. आणि नमुने ज्या कुणी तावांवर शिवले, त्या हाताला इथे 'उलटी गाठ' म्हणतात, कारण दोऱ्याची गाठ मागे न मारता पुढे मारलेली आहे. बाई म्हणाल्या, तो माणूस कोण हे आम्हाला कधीच कळलं नाही. मावशी, मी ती गाठ ओळखली. माझ्या सगळ्या फ्रॉकांच्या बटणांना तीच गाठ होती. मी गप्प बसले, पण त्या दिवशी खोलीवर जाताना मी एकटी नव्हते.

आठवण ठेव, आणि ती पोस्टाने पाठव.
तुझी,
फिरायची थांबलेली भिंगरी

२५ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

'उलटी गाठ'! इतक्या वर्षांनी मला नाव मिळालं आणि तेही असलं. बाईंना सांगू नकोस, पण कारण तुला सांगते. गाठ मागे मारली की ताव एकावर एक ठेवल्यावर ती खालच्या झाडावर घासते आणि वाळलेली पानं तुटतात. पुढे मारली तर देठाच्या कुशीत लपते. एवढंच शास्त्र आहे. हे घरी ताव आणायचे, मी शिवायचे. विभागात मी कधी नोकरीला नव्हते, त्यामुळे माझं नाव कुठे असायचं कारणच नव्हतं.

हो, ती पद्धत यांचीच. हे स्वतः मुखदुर्बळ. नवीन मुलगा दिसला की त्याच्या हातात भिंग द्यायचे आणि आपण पळायचे.

अकरा शब्द म्हणजे काही कमी नाहीत. तुझं वाचून मीही काल मोजले. सात भरले. दूधवाल्याला तीन, वाचनालयात दोन, आणि दोन यांच्या फोटोला, ते धरायचे की नाही माहीत नाही. हे गेल्यावर पहिल्या वर्षी माणसं येत होती. मग ती आपापल्या कामाला लागली, ते बरोबरच आहे. आता संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मी मान वर करते. पावलं वरच्या मजल्यावर जातात. मी पुन्हा पुस्तकात बघते. हे तुला रडवायला लिहीत नाही. एकटं बसायची एक रीत असते, ती शिकता येते, एवढं सांगायचंय. हातात काहीतरी हवं.

तू सोबतिणीच्या मागे जिन्याच्या वळणापर्यंत तरी जाऊन बघ. सारखं घड्याळ बघणाऱ्या माणसाला बहुधा कुठेतरी पोचायचं असतं, ते कुठे म्हणून विचार. लोकांना आपण कुठे चाललोय हे सांगायला आवडतं.

आणि एक. नेचे किचकट असतात. पहिल्याच वर्षाला ते कशाला दिले बाईंनी? गवताचा कप्पा मिळतो का विचारून बघ. गवतं सरळ असतात, आणि यांचे ते नमुने फार सुरेख आहेत. मागून घे.

तो फॉर्म खणातच असू दे. तारखेला अवकाश आहे.

जिवाला जप, नळाखाली केस धुऊन ओल्याने बसू नकोस.
मावशी

८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

आधी चांगली बातमी. सोबतिणीला विचारलं की कुठे जातेस. ती दुपारी एका रोपवाटिकेत काम करते, बस चुकली तर पुढची तासाने, म्हणून पळते. एकदा मला बरोबर नेलं. मी दोन तास कुंड्या भरल्या. ती म्हणाली, तुझे हात बरे आहेत, तोंड मात्र कुलूप लावून आणतेस. मला राग नाही आला. त्या दिवशी शब्द मोजायचे राहिले.

आता दुसरं. गवताचा कप्पा मागितला नाही. तोवर मी नेच्यांत शिरले होते.

काकांच्या लेबलावर फक्त जागा, तारीख आणि सही असते. झाडाचं नाव नंतर प्राध्यापक तावावर लिहीत. कप्प्यात चाळीस ताव आहेत. त्यातल्या अडतीस लेबलांवर, जागेच्या नावापुढे, पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. काकांनीच काढलेलं, कारण वळण तेच. 'ओढ्याची वरची बाजू?' 'जुन्या पुलाची भिंत?' जणू स्वतः जिथे उभे राहिले त्या जागेचीच त्यांना खात्री नव्हती. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एका ठरावीक वर्षापासून ते असे झाले. आधीच्याही सगळ्या लेबलांवर त्यांनी मागे जाऊन चिन्हं काढली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

उरलेले दोन ताव शेजारीशेजारी आहेत. एकच तारीख. एक 'उंच कडा, ओला खडक', दुसरा 'खाडीकाठ, खारा चिखल'. या दोघांवर मात्र प्रश्नचिन्ह नाही.

मी भिंगाखाली मुळं बघितली. खाडीकाठच्या नेच्याच्या मुळांत तांबडी, टोकदार खडी आणि शेवाळाचा कण आहे. कड्यावरच्या नेच्याच्या मुळांत राखाडी गाळ आहे, आणि तांदळाच्या कणीएवढा एक शिंपला. मावशी, कड्यावर शिंपला कुठून येणार?

याच नेच्यासाठी विभागातली माणसं तीन वर्षं खाडीकाठ धुंडाळत होती. सापडला नाही, म्हणून यादीत लिहिलं की तो तिथून नाहीसा झाला. अजूनही पहिल्या वर्षाच्या मुलांना खाडीवर नेतात आणि सांगतात की इथे एकेकाळी एक नेचा होता. तो तिथे कधीच नव्हता.

हे विभागात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पहिल्यांदाच मला काहीतरी दिसलंय जे दुसऱ्याला दिसलं नाही, आणि भिंगावरून मान वर केली तेव्हा दुपार संपली होती. मला असं काही आवडू शकतं हे मला माहीत नव्हतं. पण मी ते पान लिहिणार नाही. लिहिलं की काकांची चूक चव्हाट्यावर येते. ज्या माणसाने माझ्यासारख्यांच्या हातात भिंग दिलं, त्याच्यावरच ते मी रोखू? मी साध्या पानांच्या आकारांवर काहीतरी खरडते आणि फॉर्मवर सही करून घरी येते. बाईंसमोर बसून खोटं बोलण्यापेक्षा ते बरं.

मला दुधाची गोष्टही आठवली. मी काही विचारत नाही. तूही काही सांगू नकोस.

राग मानू नकोस, माया कमी करू नकोस.
भिंगरी

१४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

चूक यांची नव्हती. माझी होती. दोन लेबलं मी परत ठेवली ती अदलाबदल करून. आणि का, ते ऐक. मला वाचता येत नव्हतं.

लग्न ठरताना मोठ्या माणसांनी सांगितलं होतं की मुलगी चौथी पास आहे. मी शाळेत गेलेच नव्हते. तुझी आई पाळण्यात होती, तिला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. लग्नानंतर यांनी कधी परीक्षा घेतली नाही. नमुना घडीतून काढून तावावर मांडायचा आणि लेबल त्याच्यावर ठेवायचं, हे काम यांचं. शिवायचं आणि चिकटवायचं माझं. वाचायची पाळीच येत नव्हती. तेव्हा नमुन्याला नंबर बांधायची पद्धतही नव्हती. वाचायची गरज त्या सकाळपर्यंत पडली नाही. दोन नेचे, दोन लेबलं, दोन्हींवर सारख्याच मुंग्या. यांना हाक मारली असती तर झालं असतं. नुसतं विचारायचं होतं, कोणतं कुठलं? पण ते विचारलं असतं तर मला वाचता येत नाही हे कळलं असतं. दीड वर्षाच्या संसारात मला तेवढीच गोष्ट लपवायची होती. मी अंदाजाने ठेवली आणि चिकटवून टाकली.

त्यानंतर मी वाचायला शिकले. कुणाकडून नाही. झाडं दाबायला विभागातून रद्दी वर्तमानपत्रं यायची. हे बाहेर गेले की मी त्यातला एकेक शब्द यांच्या लेबलांशी ताडून बघायचे. यांनी मोठ्याने म्हटलेली गावांची नावं मला पाठ होती, तेवढा आधार. पानांचे हिरवे डाग पडलेल्या, वर्षभर शिळ्या बातम्या मी वाचल्या. कुठला तरी पूल वाहून गेला हे मला कळलं तोवर नवा बांधूनही झाला होता. दोन वर्षं लागली. मग एका दुपारी यांची फिरतीची वही उघडली आणि पहिल्यांदा सलग वाचली. त्यात होतं, की कड्यावर खूप नेचे, एक आणला. खाडीवर एकच मिळाला, मुळाशी शिंपला. दोघांची पानं कशी, तेही लिहिलं होतं. ती पानं आणि लेबलांवरच्या मुंग्या मला अजून आठवत होत्या, मी लेबलं उलटी लावली होती.

तोवर शोध सुरू झाला होता. विभागातून विचारणा होत होती की नक्की कुठे मिळाला. हे म्हणायचे, लेबलावर मी लिहिलंय म्हणजे तिथेच असणार. हे दोनदा विभागातल्या माणसांना घेऊन खाडीवर गेले. परत आले ते गुडघाभर चिखल घेऊन. मला म्हणाले, आपलंच डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. मी त्यांचे बूट धुतले. भिंगरी, ते बूट धुताना मला सगळं माहीत होतं. मी ब्रश घासत राहिले आणि तोंड उघडलं नाही. त्याच महिन्यात पेन्सिलीची ती चिन्हं सुरू झाली.

नंतर कितीदा सांगायचं ठरवलं. आधी वाचता येत नव्हतं याची लाज, मग इतकी वर्षं गप्प बसले याची. एकीवर दुसरी चढत गेली. आणि हे सगळं झाकायला मी त्या सकाळची दुधाची गोष्ट करून टाकली. तू हसायचीस, मी हसायचे, हेही हसायचे.

त्या दोनच तावांवर प्रश्नचिन्ह नाही, हे तुझ्या पत्रातून मला पहिल्यांदा कळलं. चार दिवस मी त्यावर विचार करते आहे. त्यांना समजलं होतं का? समजूनच ते हात राखून होते का? की त्या दोन तावांकडे बघवत नव्हतं म्हणून राहून गेलं? मला ठरवता येत नाही. आणि ज्यांना विचारायचं ते नाहीत.

तू ते पान लिही. जे दिसलं ते सगळं, शिंपल्यासकट. काकांना वाचवायचं म्हणून तू गप्प बसलीस तर माझ्यासारखी होशील, आणि ते फार लांबचं एकटेपण आहे. पायऱ्यांवरचं त्यापुढे काहीच नाही. घरी यायचं असेल तर ये, पण या कारणाने येऊ नकोस.

हे पत्र बाईंना दाखवलंस तरी चालेल.
मावशी

२० सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तिसऱ्या पायरीवर वाचलं आणि तिथेच बसून राहिले. सोबतीण आली, काही न विचारता शेजारी बसली. तिची बस गेली तरी उठली नाही.

मी पान लिहिलं. बाईंना दिलं. त्यांनी दोन्ही ताव मागवले, भिंग लावलं, शिंपला शोधून काढला. मग मला म्हणाल्या की तू टेबलाची आहेस, आठवड्यातून दोन दुपारी इथे येशील का? मी हो म्हटलं. एवढा लहान शब्द काढायला मला दम लागला.

तुझं पत्र मी दाखवलं नाही. ते तुझं आहे. एवढंच सांगितलं की लेबलं कशी बदलली हे ठाऊक असलेलं माणूस आहे, आणि उलटी गाठ त्याचीच. बाई उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, इथे जुनं लेबल कधी खोडत किंवा काढत नाहीत. शेजारी एक नवी चिठ्ठी लावतात, आणि ज्याला माहीत आहे त्याने स्वतःच्या हाताने लिहायची असते, खाली नाव आणि तारीख घालून. तोवर दोन्ही ताव टेबलावरच ठेवते म्हणाल्या.

तुला यायलाच हवं असं मी म्हणत नाही. पाच तासांची बस आहे, आणि काका गेल्यापासून तू इकडे पाऊल टाकलेलं नाहीस, हे मला माहीत आहे.

फॉर्म अजून खणात आहे. सही केलेली नाही. फाडलेलाही नाही.

येण्याची वाट बघत नाही असं लिहिते, पण ते खरं नाही.
भिंगरी

२९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

न कळवता आले म्हणून तू भेटली नाहीस. चूक माझीच. तारीख कळवली असती तर आदल्या दिवशीच कच खाल्ली असती, म्हणून कळवली नाही.

परवा पहिल्या बसने निघाले. विभागाच्या पायऱ्यांवर उभी राहिले तेव्हा अकरा वाजले होते. दारातल्या माणसाने सांगितलं की पहिल्या वर्षाची मुलं डोंगरावर गेली आहेत, उद्या येतील. मी विचारलं, सगळी? तो म्हणाला, सगळी, एक तर म्हणे पळत येऊन बस सुटता सुटता चढली. मी समजले कोण ते. वाईट वाटून घेऊ नकोस. तू पायऱ्यांवर बसलेली सापडली असतीस तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

बाईंनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. मी जे तुला लिहिलं तेच त्यांना सांगितलं, वाचता येत नव्हतं इथपासून. बोलताना वाटलं होतं की छत कोसळेल. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तेवढाच आवाज. त्या म्हणाल्या, खाडीच्या फेरीत मुलांना सांगायची गोष्ट आता बदलावी लागेल. आणि मग म्हणाल्या की तीस वर्षांत त्या गाठीखालचं एकही पान तुटलेलं नाही. मी मान खाली घातली.

यांचे ताव मी इतक्या वर्षांत पुन्हा पाहिले नव्हते. चाळीसही पाहिले. प्रश्नचिन्हं पाहिली. त्या दोघांवर खरंच नाही. बोट फिरवून बघितलं, खोडल्याची खूणही नाही. काही कळलं नाही. आता ते तसंच राहील.

दोन चिठ्ठ्या लिहिल्या. लिहिलं की हा नेचा कड्यावरचा, हा खाडीवरचा. लेबलं चिकटवताना अदलाबदल झाली, गोळा करणाऱ्याची चूक नाही. खाली तारीख घातली आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. त्या इमारतीत माझं नाव पहिल्यांदाच लिहिलं गेलं. बाईंनी खळ पुढे केली. मी दोन्ही चिठ्ठ्या यांच्या लेबलांच्या शेजारी लावल्या, वाळेपर्यंत बोट ठेवलं, आणि दुपारच्या बसने परत फिरले. परतीला शेजारची जागा रिकामीच होती. पिशवी तिथे ठेवली नाही, मांडीवर घेतली.

हे पत्र पोचेल तोवर तीस तारीख उलटलेली असेल, फॉर्म द्यायचा की फाडायचा ते तुझं तू ठरवलं असशील. मी दोन्हीकडून मावशीच आहे. डोंगरावर पाय मुरगळला नाही ना, ते मात्र कळव.

तू मला एकदा विचारलं होतंस, की इतकं वाचतेस तर मोठ्याने का नाही वाचत कधी. चोरून शिकलेल्या माणसाला मोठ्याने वाचायची सवय नसते.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. जिन्यात पावलं वाजली ती माझीच. दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढला, पाणी भरलं, दूध तापवून घेतलं, खिडकीची खिट्टी लावली. मग कपाटावरचा गठ्ठा खाली काढला, दोरी सोडली, पहिल्या घडीतलं लेबल मोठ्याने वाचलं आणि सुईत दोरा ओवला.

मावशी